ब्रिटनच्या भेटीचा व्हिसा आणि तिथे असलेला जोडीदार : अर्जात नात्याचा उल्लेख कसा करावा

बहीण लेस्टरला किंवा मावशी हॅरोला राहते, तिच्याकडे महिनाभर राहून यायचे आहे आणि त्याच देशात आपला प्रियकर किंवा प्रेयसीही आहे, अशा स्थितीत व्हिसाचा अर्ज भरणारी मराठी मुले-मुली आता पुष्कळ आहेत. दोघांपैकी एक जण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेला असतो, दुसरा पुण्यात, नाशकात किंवा मडगावात असतो, घरी अजून कोणाला काही सांगितलेले नसते आणि अर्जातल्या एखाद्या प्रश्नापाशी हात थांबतो. एजंट म्हणतो, ‘सिंगल लिहा आणि पुढे चला.’ मैत्रीण म्हणते, ‘त्याचे नावच काढू नकोस, तू परत येणार नाहीस असे त्यांना वाटेल.’ दोन्ही सल्ल्यांत थोडे तथ्य आहे; पण ते जसेच्या तसे पाळले, तर काही अर्जदारांवर दहा वर्षांची बंदी येऊ शकते.

हा लेख ब्रिटनच्या ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसापुरता आहे. अमेरिका, कॅनडा किंवा शेंगेन देशांच्या अर्जांतले प्रश्न आणि नियम वेगळे आहेत. इथला सल्ला तिकडे तसाच लावू नये. माझे मत आधीच सांगते : नाते दोन-चार स्वच्छ वाक्यांत सांगून टाकावे आणि अर्जाची उरलेली सगळी ताकद आपण परत का येणार, हे दाखवण्यावर लावावी.

अधिकारी काय पाहतो

भेटीच्या व्हिसाचे नियम ‘अपेंडिक्स व्ही’ या प्रकरणात आहेत. त्यांतली मुख्य अट अशी की अर्जदार खरोखरच भेटीपुरता येत असावा : मुदत संपताच तो परतेल, वारंवार येऊन ब्रिटनलाच आपले घर करणार नाही, ज्या कारणासाठी येतो असे सांगतो त्याच कारणासाठी येईल, निषिद्ध गोष्टी करणार नाही आणि खर्चापुरते पैसे त्याच्याजवळ असतील. निर्णय बहुधा मुलाखतीशिवाय, केवळ कागदांवर होतो. मुंबई किंवा पुण्याच्या व्हीएफएस केंद्रात (ही ब्रिटनच्या वतीने व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी खासगी कंपनी) तुमचे बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते. तिथल्या कर्मचाऱ्याशी झालेल्या बोलण्याचा निर्णयाशी संबंध नसतो, त्यामुळे ‘तिथे विचारले तर सांगेन’ हा बेत निरर्थक आहे. जे सांगायचे ते अर्जातच असले पाहिजे.

ब्रिटनमध्ये जोडीदार आहे एवढ्या कारणाने व्हिसा नाकारावा, असे नियमांत कुठेही लिहिलेले नाही. तरीही वय पंचविशीतले, नोकरी नवी, लग्न झालेले नाही आणि जोडीदार तिकडे, असे चित्र समोर आले की ही व्यक्ती परतेल का, हा प्रश्न अधिकाऱ्याच्या मनात येणारच. मैत्रिणीची भीती म्हणूनच पूर्णपणे खोटी नाही. पण त्या प्रश्नाला उत्तर देता येते. लपवलेली गोष्ट उघड झाल्यावर मात्र उत्तर द्यायला जागा उरत नाही, कारण मग अर्जातल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

आणखी एक गोष्ट जुन्या सल्ल्यांमध्ये चुकीची सांगितली जाते. कौटुंबिक भेटीचा व्हिसा नाकारला गेला तर पूर्वी अपील करता येत असे. तो सर्वसाधारण अधिकार जून 2013 मध्ये काढून टाकण्यात आला. आता मानवी हक्कांच्या मुद्द्यावरचे अपील किंवा निर्णयाची न्यायिक तपासणी एवढेच मार्ग उरले आहेत आणि दोन्ही सामान्य अर्जदाराला परवडणारे नाहीत. व्यवहारात नवा अर्ज आणि नवी फी हाच उपाय. म्हणून पहिला अर्जच नीट भरायचा.

पहिली पायरी : कायद्याने तुम्ही विवाहित आहात की नाही, हे ठरवा

ही पायरी सोपी वाटते आणि इथेच सर्वांत गंभीर चूक होते. अर्जात वैवाहिक स्थितीसाठी अविवाहित, विवाहित, अविवाहित जोडीदार, घटस्फोटित, विभक्त, विधवा किंवा विधुर असे पर्याय येतात. तुमचे उत्तर घरच्यांना काय माहीत आहे यावर ठरत नाही. कायद्याने काय झाले आहे यावर ठरते.

घरच्यांना न सांगता आळंदीला जाऊन विधिवत लग्न केले असेल आणि नंतर नोंदणी करायची राहून गेली असेल, तरी हिंदू विवाह कायदा 1955 प्रमाणे केवळ नोंदणी नाही म्हणून ते लग्न रद्द ठरत नाही. अशा व्यक्तीने ‘सिंगल’ लिहिले तर ते खोटे विधान होते. दुसरी स्थिती आपल्याकडे याहून अधिक आढळते : मुलगा परदेशी आहे, कागदपत्रांची सोय म्हणून विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न आधी उरकले आणि हॉलमधला समारंभ पुढच्या डिसेंबरात आहे. दोन्ही घरची मंडळी या काळात मुलीला अजून ‘लग्न ठरलेली’ समजतात. कायदा तिला विवाहित समजतो आणि अर्जातही तेच लिहावे लागते.

साखरपुडा झाला, सुपारी फुटली किंवा याद्या झाल्या, तरी तुम्ही अविवाहितच असता. तिथे ‘सिंगल’ हे उत्तर बरोबर आहे, फक्त लग्न ठरल्याची माहिती पुढे द्यायची आहे. ‘अविवाहित जोडीदार’ हा पर्याय मात्र विचारपूर्वक निवडावा. ब्रिटिश नियमांत 31 जानेवारी 2024 पासून याचा अर्थ किमान दोन वर्षे विवाहासारखे नाते असलेले जोडपे असा आहे. सलग एकत्र राहण्याची जुनी सक्ती तेव्हा सैल झाली. कॉलेजपासून ओळख आहे, रोज व्हिडिओ कॉल होतो आणि वर्षातून एकदा भेट होते, एवढ्याने कोणी या व्याख्येत बसत नाही. पण बंगळुरूला तीन वर्षे एकत्र संसार केला आणि मग एक जण लंडनला गेला, तर हा पर्याय तुमच्यासाठीच आहे. तो निवडला की जोडीदाराचे नाव, जन्मतारीख आणि नागरिकत्व विचारले जाते.

समलिंगी जोडप्यांना हेच निकष लागू होतात. भारतात त्यांच्या विवाहाला मान्यता नसली तरी ब्रिटिश नियम अशा नात्याकडे वेगळ्या नजरेने पाहत नाहीत, त्यामुळे ‘मित्र’ किंवा ‘रूममेट’ अशा आडोशाची गरज नाही.

दुसरी पायरी : प्रवास नेमका कोणासाठी आहे

अर्जात पर्यटन, कुटुंबीयांची भेट, मित्रांची भेट असे पर्याय येतात. बहिणीला बाळ झाले आहे, तीन आठवडे तिच्याकडे राहायचे आहे आणि मधल्या दोन शनिवार-रविवारी प्रियकराला भेटायचे आहे, तर हा प्रवास कुटुंबाच्या भेटीचाच आहे आणि तसेच लिहावे. याउलट पाच आठवड्यांपैकी चार त्याच्याकडे राहायचे आणि बहिणीकडे फक्त दिवाळीचे चार दिवस जायचे असेल, तर बहिणीचे नाव मुख्य कारण म्हणून पुढे करू नये. जोडीदाराला भेटायला जाणे हे भेटीच्या व्हिसाचे पूर्ण वैध कारण आहे. ते लपवण्यासाठी कायदेशीर कारण शोधण्याची गरजच नसते, हे अनेकांना माहीत नसते, आणि त्यातून बहिणीकडून खोटे निमंत्रणपत्र लिहून घेतले जाते. तसे केले तर बहिणीलाही आपण खोट्यात ओढतो.

बंदी आहे ती विवाहाला, सिव्हिल पार्टनरशिपला (विवाहासारख्या कायदेशीर नोंदणीकृत नात्याला) आणि विवाहाची नोटीस देण्याला. ब्रिटनमध्येच लग्न करायचे असेल तर मॅरेज व्हिजिटर किंवा फियान्से व्हिसा हे वेगळे मार्ग आहेत. भेटीच्या व्हिसावर तिथे गेल्यावर आतूनच जोडीदाराच्या व्हिसावर बदलून घेता येत नाही, हेही आधीच लक्षात ठेवावे.

तिसरी पायरी : अर्जातले जे प्रश्न नात्याला स्पर्श करतात

‘ब्रिटनमध्ये तुमचे कुटुंबीय आहेत का’ या प्रश्नाखाली कुटुंबीय म्हणजे कोण, ते पडद्यावरच दिलेले असते. ती व्याख्या ओळ न ओळ वाचावी. विवाहित जोडीदार तिच्यात येतोच. एकत्र न राहिलेला प्रियकर साधारणपणे येत नाही. तो येत नसेल तर त्याला जबरदस्तीने कुटुंबीयांत लिहू नये, कारण तेही चुकीचेच विधान होते. अशा वेळी त्याची माहिती अर्जाच्या शेवटी असलेल्या अतिरिक्त माहितीच्या रकान्यात आणि सोबतच्या पत्रात द्यावी.

यावर स्वाभाविक शंका येते : विचारलेच नाही तर सांगायचे कशाला? याचे उत्तर नाते कितपत पुढे गेले आहे यावर अवलंबून आहे. चार महिन्यांपूर्वी ओळख झालेल्या, कधीतरी कॉफीला भेटू अशा माणसाचा उल्लेख केला नाही तर काही लपवले असे होत नाही. पण तो तिकिटाचे पैसे भरणार असेल, त्याच्या घरी एक रात्रही मुक्काम असेल, साखरपुडा झाला असेल, किंवा खरे तर त्याच्यासाठीच हा प्रवास ठरला असेल, तर तो तपशील निर्णयावर परिणाम करणारा होतो. नियमांत खोटे विधान आणि महत्त्वाची माहिती दडवणे ही दोन्ही नकाराची कारणे आहेत. फसवणूक सिद्ध झाली असे अधिकाऱ्याने ठरवले, तर पुढची 10 वर्षे बहुतेक प्रकारचे अर्ज नाकारले जाऊ शकतात. अनवधानाने झालेली चूक फसवणुकीत मोडत नाही. त्यासाठी अप्रामाणिक हेतू लागतो, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही आपला हेतू शुद्ध होता, हे नंतर पटवत बसण्यापेक्षा आधी लिहिलेले बरे.

खर्चाचा प्रश्न सरळ आहे, पण तिथेही गोंधळ होतो. जोडीदार खर्च करणार असेल तर त्याचे नाव, रक्कम आणि कारण लिहावे. खरे व्यक्तिगत नाते असलेली व्यक्ती खर्च उचलू शकते, असे नियमच म्हणतात. मात्र त्याच्याकडून पैसे आपल्या खात्यात मागवून ‘खर्च मी स्वतः करणार’ असे लिहू नये. बँकेच्या सहा महिन्यांच्या उताऱ्यात अर्जाच्या पंधरा दिवस आधी आलेली दोन लाखांची रक्कम लगेच नजरेत भरते आणि पाठवणाऱ्याचे नावही तिथेच छापलेले असते.

चौथी पायरी : तो परिच्छेद लिहिणे

पत्र इंग्रजीत जाते. आशय कसा असावा हे दाखवण्यासाठी एक कल्पित उदाहरण मराठीत देते. पुण्यात नोकरी करणारी, लग्न न ठरलेली मुलगी बहिणीकडे जात आहे, असे समजा :

‘माझी थोरली बहीण व तिची नवजात मुलगी यांना भेटण्यासाठी मी तीन आठवडे येत आहे आणि माझा संपूर्ण मुक्काम बहिणीच्या लेस्टर येथील घरी आहे. गेल्या वर्षापासून माझे एका भारतीय नागरिकाशी प्रेमसंबंध आहेत. ते स्किल्ड वर्कर व्हिसावर मँचेस्टर येथे नोकरी करतात. या काळात आम्ही दोन शनिवार-रविवारी भेटणार आहोत. माझ्या प्रवासाचा खर्च मी माझ्या बचतीतून करत आहे. आमचे लग्न ठरलेले नाही, आणि या भेटीत विवाह करण्याचा किंवा विवाहाची नोटीस देण्याचा आमचा विचार नाही. पुढे आम्ही विवाह करण्याचे ठरवल्यास त्यासाठीचा योग्य अर्ज मी भारतातून करीन. माझी रजा सोबतच्या पत्राप्रमाणे मंजूर असून ती संपताच मी कामावर रुजू होणार आहे.’

यात कोण, कुठे, कोणत्या व्हिसावर, किती भेटणार, पैसे कोणाचे आणि लग्नाचे काय, एवढ्या सगळ्यांची उत्तरे आहेत. आम्ही कसे भेटलो, एकमेकांवर किती प्रेम आहे, याला इथे जागा नाही. गप्पांचे स्क्रीनशॉट आणि फोटो जोडू नयेत. जोडीदाराच्या व्हिसाला लागणारे पुरावे भेटीच्या अर्जात घातले की अर्जदाराचा ओढा तिकडेच आहे, असे चित्र तयार होते. तसेच ‘ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा माझा कधीही विचार नाही’ असे कायमचे वचन देऊ नये. दोन वर्षांनी तुम्ही लग्न करून तिकडे जाण्याचा अर्ज कराल आणि हे वाक्य तेव्हा फाइलमध्ये असेल. या भेटीपुरते बोलावे, तेवढे पुरते.

साखरपुडा झाला असेल तर त्याची तारीख, लग्न कुठे आणि साधारण केव्हा, हे लिहावे. लग्न भारतात ठरले असेल आणि हॉलची पावती हातात असेल, तर ती जरूर जोडावी. परत येण्याचा इतका ठोस पुरावा क्वचितच मिळतो.

पाचवी पायरी : परतण्याचे पुरावे

कंपनीच्या लेटरहेडवरचे रजेचे पत्र, त्यात रुजू झाल्याची तारीख, पगार आणि परत हजर होण्याचा दिवस, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 किंवा आयकर विवरण, सहा महिन्यांचे बँक उतारे. स्वतःच्या नावावरची मालमत्ता असेल तर उत्तम. वडिलांच्या नावचा सातबारा जोडला तर तो घरची स्थिती दाखवतो, तुमचे बंध तेवढे दाखवत नाही. मराठीतल्या कागदांना इंग्रजी भाषांतर लागते आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचे निवेदन, तारीख, भाषांतरकाराचे नाव, सही आणि संपर्क असावा लागतो. रजेचे दिवस आणि अर्जातल्या तारखा जुळल्याच पाहिजेत : तीन आठवड्यांची रजा आणि दोन महिन्यांचा मुक्काम अशी तफावत जोडीदाराच्या उल्लेखापेक्षा कितीतरी अधिक घातक ठरते.

आई-वडील एकटे असतील, कोणाची शुश्रूषा तुमच्यावर असेल, पुढची परीक्षा जवळ आली असेल, तर तेही कागदासह मांडावे. नोकरी नसलेल्या मुलींची अडचण इथे खरी आहे. त्यांनी मुक्काम लहान ठेवावा, परतीचे कारण जितके नेमके सांगता येईल तितके सांगावे आणि मागच्या परदेशवाऱ्यांतून वेळेवर परत आल्याचे शिक्के दाखवावेत.

घरी माहीत नसेल तर

अर्जातली माहिती होम ऑफिस, म्हणजे ब्रिटनचे गृहखाते, तुमच्या आई-वडिलांना कळवत नाही. ती फुटते ती घरातूनच. संपूर्ण कुटुंब एकत्र जात असेल तर एकच एजंट सगळ्यांच्या फायली करतो, एकाच ईमेलवर सगळे निरोप येतात आणि वडील प्रत्येक कागद वाचतात. प्रत्येकाचा अर्ज कायद्याने स्वतंत्र असतो, म्हणून तुमचा अर्ज स्वतःच्या ईमेलवरून स्वतः भरावा, सोबतचे पत्रही स्वतःच अपलोड करावे. नकार आला तर त्याच्या पत्रात कारणे सविस्तर असतात आणि त्यात नात्याचा उल्लेख येऊ शकतो. ते पत्र कोणाच्या ईमेलवर जाणार, याचा विचार अर्ज भरतानाच करावा.

एजंटांच्या तयार पत्रांत ‘बहिणीखेरीज माझे ब्रिटनमध्ये कोणीही परिचित नाही’ असे छापील वाक्य कधीकधी असते. सही करण्याआधी ते खोडून टाकावे. अर्ज कोणीही भरला असला तरी त्यातल्या मजकुराची जबाबदारी तुमचीच राहते. वडील खर्च करत असतील तर त्यांचे पत्र पैशांपुरते ठेवावे. त्यांना तुमच्या नात्याविषयी काही लिहायची गरज नाही, आणि ‘मुलीचे कोणाशीही संबंध नाहीत’ असे त्यांच्याकडून लिहून घेणे तर मुळीच योग्य नाही. निमंत्रण देणाऱ्या बहिणीला मात्र सगळे माहीत असावे. अर्ज तपासताना तिला फोन येऊ शकतो, आणि तिचे उत्तर तुमच्या पत्राशी जुळायला हवे.

ज्या मुलीला घरी कळल्यास खरोखर जिवाची किंवा मारहाणीची भीती आहे, तिने घाईने अर्ज करण्यापेक्षा आधी विश्वासातल्या नातलगाशी किंवा वकिलाशी बोलावे. 181 ही महिला हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

विमानतळावर

व्हिसा हातात आल्यावरही हीथ्रोवरचा अधिकारी पुन्हा प्रश्न विचारू शकतो : कोणाकडे, किती दिवस, न्यायला कोण आले आहे. न्यायला प्रियकर आला असेल तर तेच सांगावे. अर्जात त्याचा उल्लेख असला की हे उत्तर साधे राहते. सामान तपासले जाऊ शकते. नोकरीसाठीचे रेझ्युमे, पदव्यांची मूळ प्रमाणपत्रे किंवा शालू आणि मुंडावळ्या बॅगेत असतील, तर ‘तीन आठवड्यांसाठी आले आहे’ हे म्हणणे टिकवणे अवघड जाते. अर्जाची, पत्राची आणि परतीच्या तिकिटाची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवावी.

नकार आला किंवा आधीच चूक झाली असेल तर

नकाराच्या पत्रात फसवणुकीचा आरोप आहे की केवळ समाधान झाले नाही असे म्हटले आहे, हे आधी पाहावे. दुसऱ्या प्रकारात बंदी नसते. ज्या मुद्द्यावर शंका घेतली त्याचा पुरावा जमवून नवा अर्ज करता येतो, आणि त्यात मागचा नकार नमूद करावाच लागतो. पहिल्या प्रकारात ब्रिटनमधल्या नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराकडे किंवा सॉलिसिटरकडे कागद दाखवल्याशिवाय पुन्हा अर्ज करू नये. मागच्या अर्जात नाते सांगायचे राहून गेले आणि व्हिसा मिळाला, अशी स्थिती असेल तर पुढच्या अर्जात ते सरळ लिहावे आणि तेव्हा का लिहिले नव्हते, हे एका वाक्यात सांगावे.

लग्नानंतरच्या अर्जात हे सगळे पुन्हा समोर येते. जोडीदार ब्रिटिश नागरिक किंवा स्थायिक असेल तर 11 एप्रिल 2024 पासून वार्षिक 29,000 पौंडांच्या उत्पन्नाची अट आहे. तो स्किल्ड वर्कर असेल आणि त्याच्या नोकरीच्या प्रकारात अवलंबितांना आणण्याची मुभा असेल, तर तुम्ही अवलंबित म्हणून अर्ज करता. दोन्हीकडे नाते खरे असल्याचे दाखवावे लागते. जोडीदाराच्या अर्जात पहिल्यांदा केव्हा भेटलात, नाते केव्हा सुरू झाले, कधी-कधी भेटलात, हे विचारले जाते, आणि भेटीच्या व्हिसावर काढलेले मँचेस्टरचे फोटो तिथे सर्वांत चांगला पुरावा ठरतात. त्या तारखा जुन्या अर्जाशी ताडून पाहिल्या जाऊ शकतात. म्हणून आत्ता भरलेल्या अर्जाची पीडीएफ, सोबतचे पत्र, निर्णयाचे पत्र आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये जपून ठेवावेत, आणि नाते सुरू झाल्याची जी तारीख आज लिहिली तीच पुढेही लिहावी.